बोटीवरून येणारे दातांचे फोटो

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले असतात, असं माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं. त्यामुळे ते सरकवता येतात म्हटलं की आधी ते घाबरतात आणि मग माझ्यावर संशय घेतात. मी त्यांना खाडीतल्या मेखेचं उदाहरण देते. चिखलात रोवलेल्या मेखेला बांधलेली होडी वाऱ्याने एकाच अंगाला ओढत राहिली, तर काही दिवसांनी मेख जरा पुढे गेलेली दिसते. दाताचंही तसंच होतं. हलका, सतत दाब दिला की पुढचं हाड विरघळतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. जोर जास्त लावलात तर मेख उपटते. त्यामुळे आमच्या कामाला हात हलका लागतो आणि माणूस धीराचा लागतो, डॉक्टरही आणि पेशंटही.

कणकवलीत मी उभं आयुष्य हे काम केलं. आता आठवड्यातले थोडेच दिवस बसते. या अंकाच्या संपादकांनी फोनवर "दातांच्या काही गमतीजमती लिहा" असं सुचवलं होतं. गमती आहेत. लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर "पंधरवड्यात दात सरळ करा" म्हणणारा नवरदेव आहे. बांद्याचे एक सोनार आहेत, ज्यांनी माझी तार हातात घेऊन वाकवली आणि ती तोंडाच्या उबेने पुन्हा मूळ आकारात येते हे कळल्यावर "ह्या धातूक आठवण आसा" म्हणून बराच वेळ ती सोडलीच नाही. पण लिहायला बसले की त्यांच्याआधी सिद्धेश येतो, म्हणून त्याचंच लिहिते. हे त्याचं खरं नाव नाही आणि गावही मी बदललं आहे. पाठवण्याआधी लेख त्याला वाचायला दिला होता. त्याने एक वाक्य खोडलं आणि बाकीचं "रवांदे", राहू दे, म्हणाला.

त्याआधी या धंद्यात अलीकडे काय बदललं, ते थोडं सांगायला हवं. पूर्वी दातांचं माप घ्यायला आम्ही गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून धरत असू. माणसं डोळ्यांतून पाणी काढत, उमासे आवरत बसायची. आता जाड पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवला की पडद्यावर अख्खं तोंड उभं राहतं. त्यावरून संगणकात ठरवता येतं की कुठला दात कधी, किती हलवायचा. मग प्रत्येक टप्प्याचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा तयार होऊन येतो. त्याला अलायनर म्हणतात. जेवताना काढायचा, एरवी रात्रंदिवस घालायचा, आणि ठरल्या मुदतीने पुढचा चढवायचा. दात लवकर सरकावेत म्हणून थरथरणारी यंत्रंही बाजारात आली. त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, असं नंतर अभ्यास करणारेच सांगू लागले. हाडाला घाई नसते.

सगळ्यात नवी गोष्ट म्हणजे पेशंटने घरूनच तोंडाचे फोटो पाठवायचे. ओठ बाजूला धरायला प्लास्टिकचा चिमटा देतो, फोन कसा धरायचा ते शिकवतो. फोटो आले की संगणकातला प्रोग्रॅम ते तपासतो. साचा दातांवर नीट बसला असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. एका परिषदेत एका तरुण डॉक्टरांनी फार उत्साहाने सांगितलं होतं की काही वर्षांत पेशंटला समोर बसवायची गरजच उरणार नाही. मी टाळ्या वाजवल्या होत्या. पेशंट चार तास एसटीने हाल काढत येतात हे मी रोज बघत होते, त्यामुळे त्या टाळ्या खऱ्या होत्या.

सिद्धेश आला तेव्हा सव्वीसचा असेल. आचऱ्याकडचा मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी. वरचे दोन दात पुढे आलेले, खालचे एकमेकांवर चढलेले. हसताना हात तोंडावर जायचा. सुट्टीत घरी आला होता आणि पुढच्या बोटीची तारीख ठरली होती.

"तार नको, डॉक्टर," तो म्हणाला. "तिकडे तुटली तर कोण जोडणार?"

बरोबर होतं. दहा वर्षांपूर्वी मी त्याला नाहीच म्हटलं असतं. आता सगळे साचे एका पिशवीत क्रमाने भरून दिले, फोटो काढायला शिकवलं आणि सांगितलं, "नेटवर्क मिळेल तेव्हा पाठव. उशीर झाला तरी चालेल, पण पाठव." घरचा दुसरा एखादा नंबर मागितला तर त्याने वडिलांचा दिला आणि म्हणाला, "पण त्यांना फोन करायची वेळ येऊ देऊ नका."

फोटो येऊ लागले. कधी वेळेवर, कधी दोन आठवड्यांचे एकदम. दर वेळी हिरवी खूण. दात ठरल्याप्रमाणे सरकत होते आणि मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटत होता. कणकवलीत बसून मी भर समुद्रातल्या माणसाचे दात हलवत होते.

एक दिवस त्याचे वडील आले. त्यांना जयवंत म्हणू. साठीचे, काळेसावळे, हाताची कातडी दोरासारखी झालेली. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य. आता गुडघ्यांमुळे घरी. दाढ दुखते म्हणाले. तपासली तर दाढेला काही झालं नव्हतं.

"सिद्धेशचो बापूस मी," ते उठता उठता म्हणाले. "तेचे फोटो येतत म्हणे तुमच्याकडे?"

"येतात."

"वायच दाखवशात?"

मी नाही म्हटलं. पेशंटचे फोटो त्याला विचारल्याशिवाय कुणालाही दाखवायचे नसतात, बापालाही नाही. ते त्यांना समजावून सांगितलं.

"दात तर आमच्याच घराण्याचे आसत ते," ते म्हणाले, पण रागाने नाही. मग दारापाशी थांबून विचारलं, "आसा मां तो? येवडा सांगलात तरी पुरे."

"फोटो कालच आलाय, जयवंतदादा."

त्यावर ते समाधानाने गेले आणि नंतर येत राहिले. कधी कणकवलीच्या बाजाराचं निमित्त, कधी गुडघ्याच्या डॉक्टरांचं. आत यायचेही नाहीत. दारातून विचारायचे, "इलो?", म्हणजे फोटो आला का. मी मान हलवायची. हळूहळू एकेका वाक्याने मला सगळं कळलं. सिद्धेशची आई तो शाळेत असतानाच गेली होती. पहिली बोट करून आल्यावर त्याने पुन्हा जाणार नाही असं सांगितलं होतं. इथेच बोटीच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम शिकतो म्हणाला.

"मी आयकलंय नाय," जयवंतदादा म्हणाले. "अख्ख्या गावात सांगून बसलेलंय, माझो झील, सिद्धेश, मोठ्या बोटीर आसा. आता परत इलस तर लोकांका काय सांगू, असा बोललंय तेका. गेलो तो. पण माझो फोन उचलणा नाय."

सिद्धेशला बोटीवर जाऊन काही महिने झाल्यावर एका फोटोत मला साच्याच्या मागच्या भागात, दाढांवर, छिद्र पडलेलं दिसलं. माणूस झोपेत दात खात असेल तर प्लास्टिक झिजतं, ते मी पाहिलेलं आहे. पण हा साचा नवा होता. पुढचा चढवला, तोही तसाच झाला, मधोमध चीर गेलेली. प्रोग्रॅमने हिरवी खूण दिली होती. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्याला विचारलं होतं की साचा पुढच्या दातांवर नीट बसलाय का, आणि तो नीटच बसला होता.

मी सिद्धेशला मेसेज केला, 'रात्री दात खातोस का? सकाळी जबडा दुखतो का?' उत्तर आलं, 'थोडा. इथलं जेवण कडक असतं.'

पुढच्या वेळी मी फोटो मोठा करून सावकाश पाहिला. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे उमटले होते. गालाच्या आत पांढरी रेघ. आणि मग ओठ ओढून धरणारा चिमटा आणि तो धरलेली बोटं दिसली. आजवर मी त्या बोटांकडे कधी पाहिलंच नव्हतं. नखं मुळापर्यंत खाल्लेली होती. अंगठ्याच्या कडेची कातडी निघून तिथे रक्त सुकलं होतं.

त्या फोटोखाली मी फक्त एवढंच लिहिलं, 'सिद्धेश, झोप लागता काय रे?'

मी क्लिनिकमध्ये मालवणी क्वचित बोलते. पांढरा कोट घातला की आपोआप पुस्तकी मराठी सुरू होते. त्या दिवशी हातून तसंच लिहिलं गेलं.

तीन आठवडे काही आलं नाही. जयवंतदादा दारात येऊन "इलो?" विचारायचे आणि मी मान हलवू शकत नव्हते. "नेटवर्क नसेल," असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "होय, दर्यार नसताच." आणि उभेच राहायचे.

मग एका दुपारी, एका मुलीच्या दातांवर तार बसवत असताना, फोन वाजला. अनोळखी परदेशी नंबर होता. मी हातमोजे काढून बाहेर गेले.

"डॉक्टर, सिद्धेश बोलतंय. बोट बंदराबाहेर नांगरलेली आसा. बोलू काय?"

"बोल."

तो बराच वेळ दातांबद्दलच बोलला. उजवीकडची दाढ थंड पाण्याने कळ मारते. साचा तुटला, तर मागचाच घालू का. मी उत्तरं देत राहिले. मग म्हणाला, "तुम्ही इचारलात ना, झोप लागता काय. नाय लागणा."

त्याच्याच खोलीत राहणारा एक खलाशी, ओडिशाकडचा, बोटीच्या पोटातल्या मालाच्या खणात पडून जागीच गेला होता. शिडीवरून घसरला. पुढचं बंदर लांब होतं. तोपर्यंत त्याला बोटीवरच्या थंड कोठीत ठेवलं, जिथे मांस-मच्छी ठेवतात त्याच्या शेजारी. त्या दिवसांत स्वयंपाक्याच्या हाताखाली मदतीला सिद्धेशची पाळी होती. रोज कोठीचं दार उघडून जेवणाचं सामान आणायला लागायचं.

"दार उघडला की तो थंयच आसा, ह्यां माका म्हायत आसायचा," तो म्हणाला. "बंदरात तेका उतरवलो. पण मी अजून दार उघडतंयच. डोळो लागलो की दार उघडतंय."

मी दातांची डॉक्टर आहे. असल्या वेळी काय बोलावं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी त्याला विचारलं, आणि अगदी सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

फोनवर वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "कठड्याकडे जायत नाय मी हल्ली. मुद्दाम जायत नाय."

ते उत्तर मला कळलं. आमच्याच रस्त्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ बसतात, माझ्या ओळखीचे. मी सिद्धेशला म्हटलं, तुझा नंबर त्यांना देते, आज संध्याकाळच्या आत ते बोलतील, आणि बोटीवर जो कुणी बरा वाटतो त्याला आत्ता जाऊन हे सांग, एकटा राहू नकोस. तो हो म्हणाला. मग मी विचारलं, "बाबांना सांगू?"

"तेंका सांगून काय जातला? ते म्हणतले, दर्यार असा होताच."

"ते दर दोन-चार दिवसांनी माझ्या दारात येतात, सिद्धेश. फोटो आला का विचारायला."



"फोटो दाखवा तेंका," तो म्हणाला. "आणि मी सांगलंय तां पण सांगा. माका बोलूक जमाचा नाय."

मी आत गेले आणि त्या मुलीची तार पूर्ण केली. मग दोन्ही फोन केले. मानसोपचारतज्ज्ञांनी खरोखरच संध्याकाळपूर्वी त्याच्याशी बोलून घेतलं आणि बोटीच्या कॅप्टनशीही. जयवंतदादा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले.

मी त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं, मग पडद्यावर फोटो लावला. एवढं मोठं उघडं तोंड पाहून माणसं बिचकतात. ते शांतपणे बघत राहिले. दात बघितले, फुटलेला साचा बघितला. मग त्यांचं बोट पडद्याकडे गेलं, सिद्धेशच्या अंगठ्यापाशी.

"तेची आवस गेली त्या वर्षी असोच नखां खाय होतो," ते म्हणाले. "रगत येय तोपर्यंत. मी मारलंय तेका त्यासाठी."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझो फोन उचलणा नाय तो. तुमच्या फोनवरसून माझा बोलणा धाडूक येयत?"

मी आवाज नोंदवायचं बटण दाबून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ताटलीसारखा दोन्ही हातांत आडवा धरला.

"सिद्धेश. बाबा बोलतंय." मग नुसता श्वास. "फोटो बघलंय. डॉक्टरबायन सगळा सांगल्यानी. तू घराक ये. बोट सोड आणि ये. माझ्या बोटीवरसून एक दर्यात गेल्लो, तू ल्हान होतंस. मी घरात कोणाक बोललंय नाय. बोलाक व्हया होता." पुन्हा श्वास. "लोकांका काय सांगूचा तां मी सांगतंय. तू ये."

फोन परत देताना ते म्हणाले, "गेलो काय निरोप?" मी गेला म्हटलं.

उत्तर यायला दोन दिवस लागले आणि त्यात एकच शब्द होता. 'येतंय.'

बोटीवरून माणूस उतरवणं हे एसटीतून उतरण्यासारखं नसतं. त्याच्या जागी दुसरा यावा लागतो, बंदर यावं लागतं, परवाने लागतात. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांचा अहवाल दिला. मी माझ्या अखत्यारीत येतं तेवढं लिहून दिलं, जबड्याचं आणि कळ मारणाऱ्या दाढेचं. ते घेऊन जयवंतदादा मुंबईला बोटीच्या एजंटच्या कचेरीत गेले. त्यांनी पुढे मला सांगितलं की तिथला साहेब बाहेर गेलाय म्हणाल्यावर ते बाकावर बसले आणि साहेब परत येईपर्यंत उठले नाहीत. साहेब चांगला माणूस निघाला. सिद्धेशला लवकरात लवकर उतरवायचं ठरलं.

तरी काही आठवडे गेलेच. या काळात मी सिद्धेशला सांगितलं होतं, दात हलवणं बंद. आहे तोच साचा घाल, तुटला तर आधीचा घाल, पण फोटो मात्र पाठव. तो पाठवत राहिला. आता प्रोग्रॅम दर वेळी लाल खूण देऊ लागला आणि खाली सूचना, की उपचार ठरल्याप्रमाणे पुढे जात नाहीत, पेशंटशी संपर्क साधावा. मी आधी बोटं बघायची, मग दात. अंगठ्याची जखम भरत आली होती.

तो आला तेव्हा वाळला होता. जयवंतदादा त्याला घेऊन आले आणि बाहेरच बसले. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. असल्या गोष्टी एका फोनमध्ये मिटत नाहीत. मी उजवीकडची दाढ तपासली. चीर मुळापर्यंत गेली होती आणि ती वाचण्यासारखी नव्हती. मला वाईट वाटलं. माझ्याकडे दात सरळ करायला आलेला मुलगा एक चांगली दाढ गमावून बसला. छिद्र पहिल्यांदा दिसलं तेव्हाच तो झोपेचा साधा प्रश्न विचारला असता तर ती कदाचित वाचली असती.

त्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञांकडे सुरू राहिले. औषधं, आठवड्याला बोलणं. मी रात्री घालायला जाड साचा करून दिला, दात सरकवणारा नव्हे, नुसता राखणारा. काही महिन्यांनी तो मालवणला इंजिनदुरुस्तीच्या एका कारखान्यात जाऊ लागला. हाताला ग्रीसचा वास घेऊन माझ्याकडे तपासणीला यायचा. खालचे पुढचे दोन दात अजून एकमेकांवर चढलेलेच आहेत. आमच्या मोजपट्टीत ही केस अर्धवट ठरते.

"पुन्हा सुरू करूया का?" मी मध्यंतरी विचारलं.

"बघूया," तो म्हणाला. आणि हसला. हात तोंडावर गेला नाही. पण त्याचं श्रेय माझ्या साच्यांना देण्याचं धाडस मी करणार नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रात्रीचा साचा जुना झाला होता म्हणून नव्याने माप घ्यायचं होतं. त्याला खुर्चीत आडवा केला, दिवा बाजूला सरकवला आणि कॅमेरा दाढांवरून हळूहळू फिरवायला लागले. डावी बाजू झाली. उजवीकडे, जिथे दाढ नाही तिथे पोचले, तर जबडा माझ्या हातात एकदम सैल आला. आधी मी दचकले. मग श्वास ऐकला. तो झोपला होता. तोंड उघडं, हात पोटावर, कपाळाला एकही आठी नव्हती.

मी कॅमेरा बाजूला ठेवला. माप राहू दिलं. बाहेर पाच-सहा पेशंट बसले होते आणि त्यातल्या एका आजोबांना परतीची गाडी धरायची होती. मी दार अर्धवट उघडून त्याच्याबरोबर आलेल्या जयवंतदादांना खुणेने बोलावलं. ते घाबरून उठले. दारातून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

मग ते वळले, दार हलकेच लावून घेतलं आणि बाहेरच्या माणसांना म्हणाले, "वायच थांबात सगळी. माझो झील झोपलो आसा."